भोंगा बंद झाल्यावरची साडेचार मिनिटं

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा प्रचार जोरात होता आणि सोलापूरच्या पूर्व भागात रोज कुठे ना कुठे कोपरा सभा होत होती. त्यातल्या एका सभेत आम्ही आमच्या पॉडकास्टसाठी एका विडी कामगार बाईशी बोललो. एकाच रात्री, एकाच बाईशी, दोनदा. पहिली फाइल नऊ मिनिटांची, स्टेजच्या डाव्या अंगाला उभं राहून घेतलेली. दुसरी साडेचार मिनिटांची, तिथून पन्नासेक पावलांवर, मंडपवाल्याच्या टेम्पोच्या आडोशाला. आवाज दोन्हीत तिचाच, पण एक फाइल दुसरीला खोटं पाडते. शेवटी आम्ही यातली एकही लावली नाही.

तिला इथे अक्का म्हणते. चौक, पक्ष, वय सांगत नाही. दुसऱ्या फाइलीत ती काय बोलली तेही लिहिणार नाही. त्यामुळे लेख अपुरा वाटला तर वाटू दे. हे लिहू का म्हणून अक्काला विचारलं होतं, आणि तिनं घातलेली अट हीच होती.

आम्ही दोघं आणि आमचं सामान

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोघांनी मिळून सुरू केलेल्या पॉडकास्टची कल्पना साधी होती: पाहुण्याला खोलीत बोलवायचं नाही, माणसं जिथे जमतात तिथे आपण जायचं. सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, प्रचारसभा, कॉलेजातले तांत्रिक महोत्सव, लग्नाचे मांडव. खोलीत बोलावलं की सोलापूरचा माणूस एकदम पुणेरी बोलायला लागतो, हे माझं जुनं निरीक्षण.

सामान मोजकं. सेकंडहँड घेतलेला हातातला रेकॉर्डर, एक शुअर एसएम५८ माइक, पाच मीटर केबल, कानावर घट्ट बसणारा हेडफोन. हा माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि गावोगावच्या गायकांच्या हातात तोच दिसतो. गर्दीत तो बरा पडतो, कारण तो लांबचं फारसं ऐकत नाही. स्टुडिओतला नाजूक कंडेन्सर माइक सभेत नेला, तर पलीकडच्या गाडीवर भजी तळल्याचा आवाजही त्यात येतो.

बाकी सगळा खेळ अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा आवाज सहा डेसिबलनं चढतो. तोंडापासून तीस सेंटिमीटरवर धरलेला माइक साडेसातवर आणला तर बारा डेसिबल फुकटात मिळतात. भोंगा मात्र आहे तिथेच, आहे तेवढाच राहतो. म्हणून आमचा नियम चार बोटांचा: माइक तोंडापासून चार बोटांवर, आणि तो धरायचा आपणच. समोरच्याच्या हातात दिला की तो आमदार होतो.

दहाच्या आधी

सभा साडेआठला सुरू झाली. पोचल्या पोचल्या साऊंडवाल्याला भेटलो. या माणसांशी आधी दोन शब्द बोलावेत, निम्मं काम तिथेच होतं. तो म्हणाला, "लाइन देतो की ओ ताई, मिक्सरमधनं घ्या." भाचा खूश. भाषण थेट मिक्सरमधून मिळणार, म्हणजे खरखर नाही, गर्दी नाही.

मिक्सरमधून येणारा आवाज माइकच्या आवाजापेक्षा कितीतरी पट जोरकस असतो. रेकॉर्डरला तो 'लाइन' म्हणून घ्यायला सांगावं लागतं. आमचा रेकॉर्डर 'माइक'वरच होता. भाच्यानं हेडफोन गळ्यात अडकवला आणि मोबाइलवर स्टेजचं शूटिंग करत बसला. वीस मिनिटांचं भाषण फाटक्या पत्र्यासारखं रेकॉर्ड झालं. असं फाटलेलं परत शिवता येत नाही. हल्लीच्या नव्या यंत्रांत ३२-बिट फ्लोट असतं, म्हणजे फार मोठा आवाजही मावेल अशी नोंदवायची पद्धत; त्यात फाईल फाटत नाही म्हणतात. पण आवाज आत घेणारं दारच कोंबलं गेलं तर तेही काही करू शकत नाही. भाच्याला मी रागावले, पण फार नाही. ते भाषण उमेदवाराच्या पानावर थेट दिसतच होतं. आमच्याकडून त्याची आणखी एक प्रत निघाली नाही म्हणून कुणाचं अडलं नसतं.

आम्हाला ऐकणारी माणसं हवी होती. पुढच्या रांगांमध्ये बायका बसल्या होत्या, त्यात विडी कामगार बऱ्याच. पूर्व भागात हे नवल नाही. गिरण्या बंद पडल्यावर या भागातली कित्येक घरं बाईच्या मांडीवरच्या सुपावर चालली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, आणि दर हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी. सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं या बायकांची १०,००० घरांची वसाहत उभी आहे. त्यावरून विडी कामगारांचा आकडा केवढा असेल याची कल्पना यावी.

अक्का त्या रांगेत कडेला होती. एका कार्यकर्त्यानंच तिला पुढे केलं, "हिच्याशी बोला ताई, चांगलं बोलते." तिला विचारलं, रेकॉर्ड करू का, लोक ऐकतील. ती म्हणाली, "करा की. नाव नको, बाकी काय बी चालतंय." हे वाक्य फाइलीत आहे. ते मी मुद्दाम घेते, संमती कागदावर नको, आवाजात हवी म्हणून. याच वाक्याच्या भरवशावर पुढे मी चूक केली.

नऊ मिनिटं बोललो. डोक्यावर भोंगा, पाठीमागे जनरेटर, तिच्या कोपराशी तो कार्यकर्ता. अक्का ओरडून बोलत होती, शुद्ध मराठीत, बॅनरवर लिहिलेलं सगळं. रस्ता झाला, पाणी येणार, आमचं ठरलंय. पाण्याचं वाक्य ऐकून मला हसू आलं; आमच्याकडेही तेव्हा पाणी चार-चार दिवसांआड यायचं आणि दर निवडणुकीत 'येणार' असायचं. बोलताना तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. ती माझ्या खांद्यावरून स्टेजकडे पाहत होती.

आवाजाच्या दृष्टीनं ही फाइल वाईट नव्हती. चार बोटांचा नियम पाळला होता. भोंग्याकडे माझी पाठ आणि माइकचं तोंड त्याच्या उलट दिशेला, त्यामुळे भाषण मागे पुसट राहिलं. थोडं कापलं असतं तर ती सहज लागली असती.

दहाच्या नंतर

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे. निवडणुकीच्या काळात हे घड्याळ काटेकोर पाळलं जातं, कारण विरोधकाचा माणूस मोबाइलवर वेळ दाखवत शूटिंग करत उभा असतो. पाच मिनिटं आधीच साऊंडवाल्यानं सगळं खाली घेतलं. घोषणा झाल्या, माणसं उठली. राहिली फक्त जनरेटरची घरघर, आणि थोड्या वेळानं तोही थांबला.

सभेच्या आवाजाची सवय झालेल्या कानाला ती शांतता ऐकू येते. भाच्याला म्हटलं, आता खुर्च्या उचलल्याचा आवाज घेऊन ठेव, भाग जोडताना उपयोगी पडतो. रेकॉर्डर चालू ठेवून आम्ही टेम्पोच्या बाजूला गेलो, कारण तिथे खुर्च्या रचत होते. तिथेच पाच-सहा बायका रिक्षाची वाट पाहत बसलेल्या. अक्का त्यांच्यातून उठून माझ्याकडे आली.

"मघाशी नुसतं ओरडले बघा ताई," ती म्हणाली. आणि बोलू लागली.

आवाज निम्म्यावर आलेला. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. मी याच गावात वाढलेली असूनही त्यातलं सगळं मला कळत नव्हतं. मी माइक तिच्यासमोर धरला. तिनं पाहिला. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता, तोही दिसत असणार. ती थांबली नाही. मी "हे पण रेकॉर्ड होतंय हं" असं म्हटलं नाही. मघाशी 'काय बी चालतंय' म्हणालीच आहे, असं मी मनाशी धरून चालले. खरं सांगायचं तर म्हटलं नाही कारण म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि इतकं चांगलं बोलणं महिनाभरात मिळालं नव्हतं.

साडेचार मिनिटांनी रिक्षा आली.

रात्री साडेअकराला मी आणखी एक गोष्ट केली. तेलुगू भाग समजून घ्यायला ती फाइल एका सहकारी शिक्षिकेला व्हॉट्सअॅपवर पाठवली. ती पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी. दहा मिनिटांत तिनं अर्थ लिहून पाठवला आणि खाली एक डोळे विस्फारलेला चेहरा. त्या चेहऱ्यानं तरी मला जाग यायला हवी होती.

पन्नास पावलांत काय बदललं

भाचा म्हणतो, गोंगाट कमी झाला म्हणून ती मोकळी झाली. हे अर्धंच खरं. गोंगाटातही माणूस मोकळा होतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाकडे नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या, येत असताना मी बाराबंदी हा यात्रेचा पांढरा पोशाख घातलेल्या एका म्हाताऱ्या मानकऱ्याशी बोलले आहे. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर इतका होता की हेडफोनमध्ये मला त्यांचा शब्द ऐकू येत नव्हता. तरी ते गिरणीतली नोकरी गेल्याचं सांगताना रडले. आजूबाजूचे हजारो लोक नंदीध्वजाकडे बघत होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो गोंगाट त्यांना आडोसा झाला. सभेतला भोंगा आडोसा होत नाही, तो तुमच्यावर नजर ठेवतो.

तांत्रिक महोत्सवातही हेच, फक्त तिथे भोंग्याच्या जागी स्टॉल असतो. एका कॉलेजात एका मुलानं जुन्या यंत्रमागासाठी धागा तुटला की माग थांबवणारं छोटं यंत्र केलं होतं. स्टॉलवर तो पाठ केलेलं इंग्रजी बोलत होता, मधे मधे परीक्षकांकडे बघत. शिवाय त्या दिवशी आम्ही हौसेनं कॉलरला लावायचे बिनतारी माइक नेले होते. हॉलमध्ये दोन-तीनशे मोबाइल, प्रत्येक स्टॉलवर वाय-फाय, ब्लूटूथ, आणि आमचे माइकही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. मुलगा पाठमोरा झाला की आवाज गायब; या लहरी माणसाच्या अंगातल्या पाण्यानंही अडतात. तंत्रज्ञानाच्या जत्रेत तंत्रज्ञानानंच दगा दिल्यावर केबलचा माइक काढला आणि त्याला कँटीनमागे नेलं. तिथे तो मराठीत म्हणाला की माग वडिलांचाच आहे, आणि रात्री धागा तुटलेला कळला नाही की सकाळी किती कापड वाया जातं ते त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. ते रेकॉर्डिंग आम्ही त्याला विचारून लावलं आणि खूप ऐकलं गेलं.

म्हणजे बाजूला नेऊन बोलतं करण्याची चटक आम्हाला आधीच लागली होती. मी ते 'चांगल्या आवाजासाठी' करते असं सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. पण आवाज सुधारायला माणसाला पन्नास पावलं हलवलं की त्याच्याभोवतीचे ऐकणारे बदलतात. स्टेजजवळ अक्का कार्यकर्त्याला ऐकवत होती, टेम्पोमागे एका बाईला. तिची स्टेजजवळची संमती त्या जागेपुरती होती. जागा बदलल्यावर मला पुन्हा विचारायला हवं होतं.

सकाळचा फोन

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला. नंबर मीच दिला होता. "ताई, ते रात्रीचं लावू नका ओ."

मी विचारलं, "पहिलं की दुसरं?"

"पहिलं कुठलं?"

स्टेजजवळ नऊ मिनिटं बोलली होती ते तिच्या लेखी बोलणंच नव्हतं. ती सभेची कामगिरी होती, झाली आणि संपली. मी लावणार नाही असं सांगितलं. तिनं दोनदा वदवून घेतलं.

भाचा तरुण आहे, त्याला हे पटेना. त्याचं म्हणणं होतं की प्रचारातली खरी गोष्ट हाती आली आहे आणि आपण ती खिशात घालतोय. त्यानं उपाय सुचवले, आणि ते मी झटकून टाकले नाहीत.

आवाजाची पट्टी बदलू, म्हणाला. पट्टी बदललेला आवाज पुन्हा मूळ पट्टीत आणायला लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते त्यानंच मला एकदा दाखवलं होतं. त्याहून मोठी अडचण अशी की गल्लीला आवाजाची गरजच नसते. समजा दोन सुना, मोडका पाय, नातवाची शाळा: असलं एखादं वाक्य ऐकलं की अर्धी गल्ली घराचं दार सांगेल. मग दुसऱ्या बाईच्या आवाजात वाचू, म्हणाला. त्याचंही तेच. आणि ओळखीच्या खुणा काढत गेलो तर उरतं ते कुणीही कुठेही बोललं असतं असं एक वाक्य. त्यासाठी सभेला जायची गरज काय होती?

प्रचार संपेपर्यंत थांबू, हा त्याचा शेवटचा मुद्दा. मतदान २० नोव्हेंबरला होतं. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर दाखवू नये, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमात आहे. पॉडकास्ट त्यात कितपत बसतो यावर वाद घालता येईल, पण त्या दोन दिवसांत राजकीय काही लावायचं नाही हे आमचं आधीच ठरलेलं होतं. नंतर लावलं तर कायद्याची अडचण नव्हती. पण अक्काची होती. निवडणूक संपते, कार्यकर्ता त्याच गल्लीत राहतो.

मग त्यानं सर्वांत अवघड प्रश्न विचारला. "मावशी, पहिली फाइल तर लावता येईल ना? तिला तिची पर्वाच नाही."

परवानगी होती. आवाज चांगला होता. ऐकणाऱ्याला कळलंही नसतं. पण आम्हाला कळलं होतं. टेम्पोमागचं ऐकलेलं असताना स्टेजजवळचं 'जनतेचा आवाज' म्हणून लावणं म्हणजे कार्यकर्त्याचं काम आम्ही फुकटात करणं. तीही काढली. त्या आठवड्याचा भाग खुर्च्या, साऊंडवाला आणि भजीवाला यांच्यावर निघाला. बारा मिनिटांचा. साऊंडवाल्यानं सर्व पक्षांच्या भाषणांची तुलना फक्त 'कोण माइक तोंडात घालतो' या एका कसोटीवर केली, आणि तो भाग मला अजून आवडतो.

सूप मांडीवर

मतदानानंतर आठवड्यानं अक्कानंच बोलावलं. "घरी या की. पानं कापत कापत बोलते. सभेचं नको, कामाचं विचारा."

यावेळी माइक बाहेर काढायच्या आधी विचारलं, सुरू केल्यावर विचारलं, आणि उठताना पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ती वैतागली.

घरात पंखा होता. पॉडकास्टची पातळी उणे सोळा एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवायची पद्धत आहे. हळू बोलणाऱ्याचा आवाज तिथवर उचलला की त्यासोबत पंखाही उचलला जातो. नोव्हेंबर होता म्हणून पंखा बंद करा म्हणता आलं. मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, पत्र्याखाली बसलेल्या बाईला असं सांगायची माझी छाती झाली नसती. कात्रीचा आवाज मात्र ठेवला. भाच्याला तो गाळायचा होता. पत्र्याचा साचा पानावर ठेवून ती कात्री फिरवायची, आणि वाक्य अडलं की कात्रीही अडायची. चाळीस मिनिटांत हे तीन-चार वेळा झालं. ते गाळलं असतं तर ती कुठे अडखळली ते कळलंच नसतं.

शेवटी तिनं त्या रात्रीचं ऐकायला मागितलं. हेडफोन तिच्या कानावर लावला. खुर्च्यांच्या आवाजाला ती हसली. मग हसली नाही. संपल्यावर म्हणाली, "पुसायचं कुठलं बटण?" भाच्यानं दाखवलं. तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या अंगठ्यानं तिनं ते दाबलं, यंत्रानं पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा दाबलं.

लॅपटॉपवर प्रत होती. ती मी घरी जाऊन काढली. सहकारी शिक्षिकेला फोन केला, तिनं पुसल्याचं सांगितलं. तिच्या फोनच्या बॅकअपमध्ये ती राहिली असेल, हे मला तीन आठवड्यांनी सुचलं. तेव्हा तिथूनही काढून घेतली.

ती प्रत बाहेर गेली होती हे अक्काला सांगितलं नव्हतं. हा लेख लिहायची परवानगी मागायला गेले तेव्हा सांगितलं. कात्री थांबली.

"त्या टीचर कुणाच्या घरातल्या?"

मी आडनाव सांगितलं.

"तिच्या सासूला ओळखते मी," अक्का म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.